चार हजार सहाशेचा निळा

अल्पना फणसे माझी मावसबहीण. लहानपणी आम्ही भांडायचो तेव्हा मी ओरडायचे आणि ती गप्प बसून स्वतःची वेणी उकलून परत घालायची. चिडणं तिच्या अंगातच नव्हतं. गेल्या दोन-अडीच वर्षांत मात्र ती इतकी चिडलेली असते, की चहा पिता पिता मध्येच कप खाली ठेवते आणि म्हणते, "ट्यूब जल रही है ना, म्हणे." हे वाक्य तिला किती जणांनी आणि किती वेळा ऐकवलं, तीच ही हकीकत आहे.

तिचं माहेर देवास, सासर धार. नर्स झाल्यावर पहिली नेमणूक धार जिल्ह्यातच, गंधवानीला मिळाली. तिथे अकरा वर्षं काढली. नवरा शरच्चंद्र धारच्या शाळेत शिक्षक, मुलगी श्रिया त्याच्याजवळ. मावशी गेली आणि देवासला नाना, म्हणजे अल्पनाचे वडील, एकटे पडले. तेव्हा तिनं बदलीचा अर्ज केला. बदली झाली, पण बागलीच्याही पुढं, उदयनगरकडच्या जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात. तिथून देवासला यायला बसनं तीन-साडेतीन तास. "देवास जिल्हा मागितला, शहर लिहायला विसरले," असं ती सांगायची. तेव्हा हसत सांगायची.

केंद्रात सहा खाटा, एक डॉक्टर, दोन नर्सा, आणि बाळंतिणींच्या खोलीला लागून एक छोटी खोली. त्या खोलीत एक मशीन होतं. कावीळ झालेल्या नवजात बाळाला उघडं करून, डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्याखाली ठेवायचं. वर सहा निळ्या ट्यूब. आसपासच्या पाड्यांवरची माणसं त्याला "नीली बत्ती" म्हणत. ज्या घरातलं एखादं लेकरू त्या बत्तीखालून बरं होऊन गेलं, त्या घरची पुढची सून बाळंतपणाला आपणहून केंद्रात येई. अल्पनाला त्याचं फार अप्रूप होतं.

बावीस सालच्या दिवाळीत ट्यूब विझू लागल्या. एक, मग दोन, मग चार. तक्रार ऑनलाइन करायची होती, ती केली. जानेवारीच्या शेवटी देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीचा मेकॅनिक आला. त्यानं सहाच्या सहा ट्यूब बदलल्या. ट्यूबखालची प्लास्टिकची काच पिवळी पडून तडकली होती, ती काढून ठेवली. बटण दाबलं आणि खोली गडद निळी झाली. आधीपेक्षा गडद, किंचित जांभळट.

"लो मैडम, एकदम झकास," तो म्हणाला आणि सही घेऊन गेला. सही अल्पनाचीच आहे. ते ती दर वेळी सांगते.

फेब्रुवारीत पार्वती आली. पार्वती बारेला या आदिवासी समाजाची, एकोणीस वर्षांची, पहिलंच बाळंतपण. मुलगा झाला, सव्वादोन किलोचा. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. अल्पनानं त्याला खिडकीशी नेलं, छातीवर अंगठा दाबून सोडला. दाबलेली जागा हळदीसारखी. रक्त तपासलं, बिलिरुबिन पंधरा निघालं.

हे बिलिरुबिन म्हणजे जुन्या रक्तपेशी मोडल्यावर उरणारा पिवळा पदार्थ. मोठ्या माणसाचं यकृत तो बाहेर काढतं, नव्या बाळाचं यकृत अजून कामाला लागलेलं नसतं. फार साचला तर तो मेंदूत जातो. म्हणून ती बत्ती.

पार्वतीच्या सासऱ्यानं दुपारीच शेजारच्याची पिकअप आणून दारात उभी केली होती. इंदूरला न्यायचं म्हणत होता. अल्पनानंच त्याला थांबवलं.

"कशाला एवढ्या लांब नेता? आपल्याकडे नीली बत्ती आहे, नव्या ट्यूब आहेत. दोन दिवसांत उतरेल. इथंच राहा."

तो तिचं ऐकून थांबला. गाडी परत पाठवली.

चौथ्या दिवशी आकडा साडेसतरा आला. डॉक्टर तरुण होता, नावानंही आणि वयानंही. भोपाळकडचा, वर्षभरापूर्वीच लागलेला. तो म्हणाला, कधीकधी उतरण्याआधी थोडं चढतं, बत्ती चालू ठेवा. पाचव्या दिवशी सकाळी बाळ दूध ओढेना. मान मागे टाकून, धनुष्यासारखं वाकून, चिरक्या आवाजात रडायला लागलं. आकडा बावीसच्या वर. गाडी बोलावली, इंदूरला पाठवलं. तिथे त्याचं रक्त बदललं आणि जीव वाचला. पार्वती महिन्याभरानं बाळाला घेऊन लसीसाठी आली तेव्हा बाळ गुटगुटीत होतं. अल्पनानं देवाला हात जोडले.

पण मार्चमध्ये दुसऱ्या एका बाळाचं तसंच झालं. मग तिसऱ्याचं. या वेळी तिनं वाट पाहिली नाही, दुसऱ्याच दिवशी देवासला पाठवली. दोन्ही बाळं तिथल्या मशीनखाली दीड दिवसात उतरली. म्हणजे बाळांत खोट नव्हती.

मग तिचं लक्ष खोलीतल्या बाकीच्या गोष्टींकडे गेलं. बाळाखालची पांढरी चादर त्या उजेडात लखलखत होती, आतून दिवा लावल्यासारखी. तिचा स्वतःचा पांढरा कोटही तसाच. जुन्या ट्यूबखाली कापड निळसर दिसायचं, असं चमकायचं नाही. बाळांची कातडी लालसर होत होती. आणि कामाची पाळी संपेपर्यंत तिचे स्वतःचे डोळे चुरचुरायचे.

तिनं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, ट्यूब जल रही है ना? नीली है ना? ब्लू इज़ ब्लू."

तिनं नानांना फोन केला.

नानांबद्दल सांगायला हवं. भगवंतराव फणसे, वय चौऱ्याहत्तर. देवासच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत छत्तीस वर्षं सहायक. बी. एस्सी.ला दोनदा बसले, दोन्ही वेळा गणितात राहिले, आणि मग जे पास होऊन पुढं शिकले त्यांच्यासाठी लोलक पुसत आणि दिवे लावत राहिले. प्राध्यापक बदलत गेले, नाना तिथेच. सोडियमच्या दिव्याची पिवळी लहर पाच हजार आठशे त्र्याण्णव अँगस्ट्रॉम, पाऱ्याच्या दिव्याच्या अमुक अमुक, हे त्यांना घरच्या माणसांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आता सगळे त्याच्या दहापट असलेलं नॅनोमीटर वापरतात, नाना बदलले नाहीत.

फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "निळा म्हणतेस, पण कोणता निळा?"

"निळा म्हणजे निळा, नाना. जरा जांभळट."

"हे तर डोळ्यानं सांगितलं. डोळा भोळा असतो, बाळ. त्यास दहा निरनिराळे उजेड मिसळून दिले तरी तो एकच रंग सांगतो. मी येतो."

तीन-साडेतीन तास बसनं येऊ नका म्हणून तिनं पुष्कळ सांगितलं. ते गुरुवारी सकाळी निघाले आणि दुपारी केंद्रात पोचले. खांद्याला पिशवी, पिशवीत उदबत्तीचा पुठ्ठ्याचा खोका आणि रुमालात गुंडाळलेला काचेचा एक चौकोनी तुकडा. ते ग्रेटिंग होतं. एका इंचात पंधरा हजार रेघा ओढलेली, उजेडातले रंग वेगवेगळे करून दाखवणारी काच. कोपऱ्याचा टवका उडून निकामी ठरलेली, म्हणून निवृत्त होताना विभागानं त्यांना दिली होती. खोक्याच्या एका टोकाला त्यांनी ब्लेडनं बारीक चीर पाडली होती आणि दुसऱ्या टोकाला ती काच चिकटपट्टीनं बसवली.

त्या दिवशी मशीनखाली बाळ नव्हतं. अल्पनानं खिडकीला चादर लावली, दार ओढून घेतलं. नानांनी मशीन लावायला सांगितलं आणि खोका डोळ्याला लावला. मग म्हणाले, "हे तर माझे ओळखीचे निघाले."

"कोण?"

"चार हजार सत्तेचाळीस, जांभळी. चार हजार तीनशे अठ्ठावन्न, निळी. पाच हजार चारशे एकसष्ट, हिरवी, पण फिकी. पाऱ्याच्या रेघा. छत्तीस वर्षं पाहिल्यात. कुठल्याही ट्यूबमध्ये पारा असतोच, त्या दिसणार. तू पाहा आणि मला सांग, निळ्या रेघेच्या पुढं, हिरव्याच्या अलीकडं काय आहे?"

अल्पनानं पाहिलं. काळ्या पार्श्वभूमीवर एक जांभळी उभी रेघ, एक निळी, लांब एक पुसट हिरवी. मध्ये काहीच नव्हतं.

"अंधार आहे."

"तुझ्या त्या कावीळवाल्या मशीनला कितीचा उजेड लागतो?"

तिनं मशीनचं पुस्तक काढलं. चारशे साठ ते चारशे नव्वद नॅनोमीटर, असं होतं.

"म्हणजे चार हजार सहाशेपासून पुढं. तिथे एक रुंद निळा पट्टा दिसायला हवा होता. तिथेच अंधार आहे. आणि एवढ्या मोठ्या ट्यूबचा उजेड फक्त या दोन-तीन रेघांत संपत नाही. बाकीचा गेला कुठं? जांभळ्याच्या अलीकडं, जिथे आपल्याला दिसत नाही. म्हणून तुझी चादर चमकते. साबणातली पांढरेपणाची भुकटी न दिसणारा उजेड खाते आणि दिसणारा ओकते."

नानांनी ट्यूब विझवून, थंड होऊ देऊन एक बाहेर काढली आणि तिच्या टोकाशी बोट फिरवलं. छापलेली अक्षरं खरवडलेली होती. अल्पनाला एकदम आठवलं, असला उजेड तिनं कुठं पाहिला होता ते. देवासला मिठाईच्या दुकानात भिंतीवर असते ती जाळी. माश्या ओढून घ्यायची.

नाना बाहेर बाकावर बसले, पाणी प्यायले. ती म्हणाली, "पण नाना, आखूड लहर म्हणजे जास्त जोर ना? मग जास्त जोराच्या उजेडानं कावीळ लवकर नको का उतरायला?"

तिच्या या प्रश्नावर नाना खूश झाले, असं ती मला म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तासाला मागे उभे राहिलेले. आज प्रश्न त्यांना विचारला होता.

"उजेड सलग येत नाही, पुड्यांनी येतो. एका पुडीत किती जोर, ते तिची लहर ठरवते. हिशेब सोपा आहे. बारा हजार चारशेला लहरीच्या लांबीनं भाग. तांबडा घे, सहा हजार पाचशे. उत्तर दोनाच्याही आत. तुझा चार हजार सहाशेचा निळा, दोन पूर्णांक सात. आणि या माशीच्या ट्यूबचा, साधारण तीन हजार सहाशे पन्नास धर, तीन पूर्णांक चार. आता कोठीच्या दाराला वर कडी आहे असं समज. शंभर लहान पोरं दाराशी आली, एकाचाही हात पोचत नाही, तर दार उघडेल का? तांबडा दिवा कितीही मोठा कर, पोरं वाढतील, उंची वाढायची नाही. ज्याचा हात बरोबर कडीवर पडतो असा एकच आला की दार उघडलं. तुझ्या त्या पिवळ्या पदार्थाची कडी चार हजार सहाशेवर आहे. ती निघाली की त्याचा आकार बदलतो, तो पाण्यात विरघळतो आणि बाळ मुततं त्यातून निघून जातो. बरोबर?"

"बरोबर."

"आणि हा तीन पूर्णांक चारवाला येतो, त्याचा हात कडीवर पडतच नाही. तो आतपर्यंतही जात नाही. वरच्या कातडीतच अडतो आणि तिथं भाजतो. जास्त जोर म्हणजे जास्त गुण नव्हे."

अल्पनाच्या डोक्यात पिकअप होती, दारात उभी असलेली, आणि तिनं परत पाठवलेली.

डॉक्टर तरुण आले तेव्हा नानांनी खोका त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाहिलं, पण रेघांवरून त्यांना काही उमगेना. मग नानांनी खिशातून शंभराची नोट काढून ट्यूबखाली धरली. नोटेतले बारीक धागे आणि नंबर झळाळून उठले.

"डॉक्टरसाहेब, दुकानदार खोटी नोट पकडायला जो दिवा लावतात, तो हा. बाळाच्या कामाचा नव्हे."

डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं, हे त्यांचं चांगलंच म्हणायचं. पण लिहून द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "सिस्टर, मेरे पास नापने का मीटर नहीं है. मैं किस आधार पर लिखूँ? अगरबत्ती का डिब्बा लिखूँ?"

इथून पुढचे सात महिने अल्पनाच्या आयुष्यातले सगळ्यात संतापाचे.

तक्रारीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये कारण निवडायचं असे. चालू होत नाही. आवाज येतो. तार तुटली. गरम होतं. "उजेड चुकीचा" असं कुठंच नाही, आणि कारण निवडल्याशिवाय फॉर्म पुढं जात नाही. तिनं "चालू होत नाही" निवडलं. मेकॅनिक आला, बटण दाबलं, ट्यूब पेटल्या.

"मैडम, ट्यूब जल रही है ना. फिर कम्प्लेन क्यों डाली?"

"ये माश्या मारने की ट्यूब है."

"कंपनी ने जो भेजी, वो लगाई."

संध्याकाळी तिच्या मोबाइलवर निरोप आला, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया समाधान कळवा, एक ते पाच तारे. तिनं एक तारा दिला. त्यावर कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तसंच. दुसऱ्या वेळचा मेकॅनिक वेगळा होता, वाक्य तेच होतं.

तिसऱ्यांदा तिनं काय केलं, तर सहाही ट्यूब काढून कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या. आता मशीन खरंच चालू होत नव्हतं, तेव्हा तक्रारही खरी झाली. मेकॅनिकनं वर कळवलं, ट्यूब गायब आहेत. पंधरा दिवसांनी अल्पनाला नोटीस आली. शासकीय उपकरणात छेडछाड केली, चालू स्थितीतलं मशीन बंद ठेवलं, तीन दिवसांत खुलासा सादर करा.

तिनं खुलासा लिहिला. हिंदीत, दोन पानं. नानांनी आकडे दिले, तिनं ते नॅनोमीटरमध्ये करून घातले. पार्वतीच्या बाळाचे तीन दिवसांचे आकडे घातले. पुढच्या दोन बाळांचे घातले, आणि तीच बाळं देवासला किती तासांत उतरली तेही. वरच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. दोन्ही पानं चाळली आणि म्हणाले, "सिस्टर, आप फिज़िक्स मत पढ़ाइए. नौकरी कीजिए."

त्याच काळात ती पिवळं दिसणारं प्रत्येक बाळ पुढं पाठवत होती. त्यावरूनही बैठकीत विचारणा झाली. तुमच्या केंद्रातून रेफर इतके का वाढले? मशीन असून पाठवता? मशीन का वापरत नाही म्हणून एक कागद, बाळं का पाठवता म्हणून दुसरा. आणि पाड्यावरच्या बाया विचारू लागल्या की नीली बत्ती बंद झाली का. झाली असेल तर केंद्रात यायचं कशाला, घरीच बरं. दोन बाळंतपणं घरी झाली. त्या दिवसांत मी तिला फोन करायचे तर ती धड बोलायची नाही. एकदा म्हणाली, "मला ना, कुणीतरी माझ्याशी भांडावं असं वाटतं. कुणी भांडतच नाही. सगळे नुसते पुढचा कागद मागतात."

ऑक्टोबरात इंदूरहून बालरोगतज्ज्ञांचं एक पथक पाहणीला आलं. त्यातल्या डॉक्टरीणबाईंजवळ उजेड मोजायचा मीटर होता. अल्पनानं त्यांना विनंती केली आणि कपाटातल्या ट्यूब परत लावल्या. मीटर बाळाच्या जागी ठेवला. तीसच्या वर आकडा हवा होता, तो दोनापाशी अडकला. बाईंनी मीटर झटकला, पुन्हा ठेवला. मग वर पाहिलं, चमकणाऱ्या चादरीकडे पाहिलं.

"ये तो फ्लाई कैचर की ट्यूब है," त्या म्हणाल्या. "कब से लगी है?"

"जानेवारीपासून."

"और किसी ने बताया नहीं?"

अल्पना म्हणते, त्या क्षणी तिला हसूही येईना आणि रडूही. तिनं नोटिशीची प्रत काढून त्यांच्यासमोर ठेवली.

चार दिवसांत खऱ्या ट्यूब आल्या. सात महिने नाही, चार दिवस. नानांनी खोका देवासहून कुणाच्या हाती पाठवला. तिनं पाहिलं, तर पाऱ्याच्या रेघा होत्याच, पण आता निळ्या रेघेच्या पुढं, जिथे अंधार होता तिथे, रुंद निळा पट्टा होता. त्याच आठवड्यात एका बाळाचा आकडा सोळावरून एका दिवसात बारावर आला.

नोटीस मागे घेतली असं कुणी म्हणालं नाही. ती फाइलला लागली. मशीनच्या नोंदीत लिहिलं गेलं, "जुन्या ट्यूब कमजोर झाल्यामुळे बदलल्या." अल्पना त्या ओळीसाठी भांडायला गेली. कमजोर नव्हत्या, चुकीच्या होत्या, एवढं लिहा. साहेब म्हणाले, आता काम झालं ना, तुम्हाला आणखी काय हवं? तिला काय हवं होतं ते तिनं सांगितलं. पार्वतीच्या मुलासाठी ती ओळ हवी होती.

कारण तोवर मुलगा आठ महिन्यांचा झाला होता. लसीला आला की अल्पना त्याच्या पाठीमागे टाळी वाजवून बघायची. तो वळायचा नाही. समोर बोट नाचवलं की खदखदून हसायचा. पार्वती म्हणायची, आजोबासारखा हट्टी आहे, मनात असेल तरच बघतो. अल्पनाला तसं वाटत नव्हतं. कावीळ मेंदूला चढली तर आधी कान जातात, हे तिनं शिकताना पाठ केलेलं होतं.

नोव्हेंबरमध्ये तिनं रजा घेतली आणि पार्वतीला, सासऱ्याला आणि मुलाला घेऊन इंदूरला गेली. मुलाला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासणी झाली. दोन्ही कानांना ऐकू जवळजवळ येतच नव्हतं. तपासणाऱ्यानं विचारलं, "जन्म के बाद पीलिया हुआ था? कितना गया था?"

अल्पनानं आकडे सांगितले. ते तिला पाठच होते. मग बाहेर येऊन, दवाखान्याच्या आवारातल्या कट्ट्यावर बसून तिनं पार्वतीला आणि सासऱ्याला सगळं सांगितलं. ट्यूब कुठली होती, ती का चालली नाही, आणि ज्या दुपारी त्यांनी गाडी आणली होती त्या दुपारी निघाले असते तर कदाचित कान वाचले असते. न सांगताही चाललं असतं. नोंदवहीत तर तसं काही नव्हतंच.

सासरा म्हणाला, "तूच बोलली होती रुको."

"हो. मीच म्हणाले होते."

"बत्ती तर नीली होती."

"नीली होती, बाबा. पण ती नीली नव्हती."

हे वाक्य तिला त्यांना नीट उलगडून सांगता आलं नाही. पुड्या, लहरी, कडी, सगळं तिच्या तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. मुलगा तिच्या मांडीवर बसून अल्पनाच्या ओळखपत्राची दोरी ओढत होता. थोड्या वेळानं पार्वती उठली, त्याला कडेवर घेतलं आणि विचारलं, "मशीन कुठे मिळतं, कानाचं?"

कानाचं मशीन मिळायला आणखी पाच महिने लागले. त्याचेही फॉर्म अल्पनानं भरले. मुलगा आता अडीच वर्षांचा आहे. मशीन कानात ठेवत नाही, उपटून टाकतो, एकदा शेणात टाकलं होतं. दर दुसऱ्या मंगळवारी अल्पना पाड्यावर जाते, कानात बसवून देते, तासभर त्याच्यासमोर ताटली वाजवते, नावं घेते. 'आई' म्हणायला लागला आहे, पण पार्वतीलाही म्हणतो, शेळीलाही म्हणतो. त्या घरात तिला पाणी देतात, बसायला खाट देतात. सासरा मात्र ती आली की उठून शेताकडे जातो.

मागच्या महिन्यात ती देवासला आली होती. मी म्हटलं, आता सोड ना, नव्या ट्यूब आल्या, इतकी बाळं बरी झाली त्या बत्तीखाली. ती नानांसाठी भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"त्या वेळी मी सही केली," ती म्हणाली. "बघितलं, निळं होतं, सही केली. मीसुद्धा डोळ्यानंच बघितलं ना." आणि तव्यावरची भाकरी करपू लागली तशी पुन्हा तिकडे वळली.